पाचपावली

मेडिकलच्या वॉर्डात, तिसऱ्या दिवशी,
उके मॅडमनं पलंगाची कड खाली केली
आणि म्हणाली, "आज बसवायचं."
मी म्हटलं, कोणाले?

नवतपा चालू होता. कूलर नुसताच गरम वारा फिरवत होता,
ताटी दुपारीच कोरडी पडलेली.
त्यांच्या डोक्यात उजवीकडे
बोराएवढं रक्त सांडलं होतं.
फोटोत ते पांढरं दिसतं.
मला आधी वाटलं, पांढरं म्हणजे बरंच असेल.

भासऱ्यांनी दारातूनच हात वर केला:
"पडू द्या त्याले. भरला माठ आहे तो,
हलवाल त सांडन."
खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं.
तीन दिवस मी त्यांच्या अंगाखालची चादर
झोपलेल्या बाळाखालची करावी
तशी श्वास धरून सरळ करत होते.

मॅडमनं वाद घातला नाही.
दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला, मान हलवली.
थांबली. दुसऱ्या पेशंटकडे जाऊन आली.
पुन्हा पाहिला. "आता चालते."
मग भासऱ्यांकडे न बघताच म्हणाली,
पडून राहिले तर छातीत कफ साचते,
पोटरीत रक्त गोठते,
आणि पाय विसरून जातात.
विसरून जातात, हे तिनं अशा सुरात म्हटलं
जसे काही पाय शाळेत जातात.

एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली,
आणि ते उठले. म्हणजे उठवले गेले,
डावीकडे कलंडत, ओल्या सुताच्या लडीसारखे.
चार मिनिटं.
मी घड्याळाकडे बघत होते
आणि ते माझ्या पदराकडे,
काठ कुठं चुकलाय ते शोधल्यासारखे.
चुकलाच असेल. पदर पॉवरलूमचा होता.

त्यांनी स्वतः विणलेला शेवटचा पदर
अठ्ठावीस वर्षांपूर्वी मागावरून उतरला.
मागाची लाकडं चुलीत गेली,
पायांचा खड्डा बुजवून वर फरशी बसवली,
आणि हेडाऊ विणकर
सायकल स्टँडवर चिठ्ठ्या फाडू लागले.

पाचव्या दिवशी उभे राहिले.
सहाव्या दिवशी नाही, ताप होता.
आठव्या दिवशी त्यांनी मॅडमला शिवी दिली.
अर्धीच निघाली, पुढे जीभ वळेना.
मी तोंडावर पदर घेऊन रडले, आनंदानं.
मॅडम म्हणाली, "उरलेली उद्या द्या, काका."

मग मीच सांगितलं, मॅडम, हे मागावर बसत.
डावी पावडी, उजवी पावडी, दिवसभर.
तिनं सलाईनचे दोन रिकामे खोके ओढले,
त्यांच्या पायांखाली ठेवले.
दाबा.
उजवा दाबला. डावा नाही.
उजवा. डावा नाही.
एका पायानं कापड होत नाही,
हे त्यांना तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं;
म्हणून तर कपाळावर घाम.

अकराव्या दिवशी डाव्या खोक्याला
एक बारीक खळी पडली.
कोपराचा धक्का लागला असेल, आया म्हणाली.
तो खोका मी घरी आणलाय.
त्यात सध्या कांदे आहेत.

घर पाचपावलीत.
इतकी वर्षं पत्त्यात लिहिलं,
रेशन कार्डावर, लग्नाच्या पत्रिकेवर,
नाव कधी कानांनी ऐकलं नव्हतं.
काल संध्याकाळी खाटेपासून उंबरठ्याकडे निघाले,
काखेत भासऱ्यांचा हात,
डावा पाय फरशीवर घासत,
बरोबर जिथं खड्डा होता तिथं जरा अडखळत.
भासरे मोठ्यानं मोजत होते,
अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे:
"पाच! पाचपावलीत पाच झाले बाप्पा!"

मी तीनच मोजली होती.
बोलले नाही.
आता सोमवारी मॅडमचा फोन येईल,
किती पावलं, विचारेल,
आणि ती लिहून घेते.